गिटार सोडू नका, काचेच्या पलीकडे जाऊन बसा

«ताई, नमस्कार. मी चौतीस वर्षांचा आहे, डोंबिवलीत राहतो आणि बारा वर्षं सेशन गिटारिस्ट म्हणून, म्हणजे दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला गिटार वाजवायचं काम करतोय. सिनेमाची गाणी, मालिकांची शीर्षकगीतं, भक्तिगीतांचे अल्बम, जिंगल्स, जे येईल ते वाजवलं. वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे, त्यामुळे घरात संगीत होतंच. पूर्वी हाताशी रेकॉर्डिंगच्या भरपूर शिफ्ट असायच्या. आता प्रोग्रामर, म्हणजे संगणकावर वाद्यसंगीत तयार करणारे, घरीच सगळं करतात, मला दोन तुकड्यांसाठी बोलावतात आणि बऱ्याचदा तेही ‘घरून रेकॉर्ड करून पाठव’ म्हणतात. कॉलेजच्या एकांकिकांपासूनचा माझा एक मित्र आता दिग्दर्शक झालाय. आठ भागांची मराठी वेबसिरीज करतोय आणि पार्श्वसंगीत तूच कर म्हणतोय. पॅकेज लहान आहे. मला संगीताचं लिखित नोटेशन जेमतेम वाचता येतं, व्हायोलिन वगैरेंसाठी कधी लिहिलेलं नाही. बायको बँकेत नोकरी करते. ती म्हणते, ‘कर, पण सेशन सोडू नकोस.’ मला वाटतं, सोडल्याशिवाय लोक मला संगीतकार मानणारच नाहीत, जन्मभर ‘तो गिटारवाला’च राहीन. शिवाय माझ्या डोक्यातून निघालेल्या कितीतरी तुकड्यांवर दुसऱ्यांची नावं लागली, तेही मनात सलतं. काय करू?»

नमस्कार.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं आधी देते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. काम घ्या. सेशन सोडू नका. तुमची पत्नी बरोबर सांगते आहे. तिच्या मनात घरखर्चाचा विचार असेल आणि तो असायलाच हवा, पण माझं कारण वेगळं आहे. तुम्हाला संगीतकार व्हायचं असेल तर त्याचं शिक्षण आज तुम्हाला फक्त सेशनवरच मिळू शकतं. बारा वर्षं तुम्ही त्या जागेत रोज जाताय, मात्र वादकांच्या खोलीत, काचेच्या अलीकडे बसताय. आता पलीकडे, कंट्रोल रूममध्ये बसायला लागा.

सेशन गिटारिस्ट ते चित्रपटाचा संगीतकार या वाटेवरचं आपल्या देशातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे इलयाराजा. १९४३ साली तमिळनाडूतल्या पण्णैपुरम नावाच्या खेड्यात जन्म. थोरले भाऊ पावलर वरदराजन यांच्या गाण्याच्या पथकाबरोबर कोवळ्या वयापासून गावोगाव फिरले, साठच्या दशकाच्या शेवटी मद्रासला आले. तिथे धनराज मास्तरांकडे पाश्चात्त्य नोटेशन आणि हार्मनी शिकले, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची क्लासिकल गिटारची परीक्षा दिली आणि पोटासाठी सेशन वाजवू लागले. सलील चौधरींच्या रेकॉर्डिंगला गिटार वाजवणारा हा मुलगा पुढे कोण होणार आहे, याचा अंदाज सलीलदांना तेव्हाच आला होता असं सांगतात. पण इथवरची गोष्ट तुमच्यासारख्या शेकडो वादकांची आहे. खरा फरक पडला तो त्यानंतर. कन्नड सिनेमाचे संगीतकार जी. के. वेंकटेश यांच्याकडे ते सहायक म्हणून राहिले आणि तिथे अक्षरशः ढिगाने सिनेमांवर काम केलं. त्या काळातली त्यांची एक सवय मला फार मोलाची वाटते. वादकांना मधली सुटी झाली, की हे त्यांना गळ घालायचे आणि स्वतः लिहिलेलं थोडंसं वाजवून घ्यायचे. कागदावरच्या ओळी खऱ्या व्हायोलिनवर, खऱ्या बासरीवर कशा ऐकू येतात हे कळायला त्यांच्याकडे दुसरा मार्ग नव्हता. १९७६ मध्ये निर्माते पंचू अरुणाचलम यांनी ‘अन्नकिळी’ त्यांच्या हातात दिला, तेव्हा त्यांची तिशी उलटून गेली होती आणि हात पूर्ण तयार होता. तुमचं वय तुम्ही पत्रात ज्या काळजीने लिहिलंय, तिचं काही कारण नाही.

आपल्याकडेही हीच शिडी होती. लक्ष्मीकांत मँडोलिन वाजवायचे, प्यारेलाल व्हायोलिन. १९६३ च्या ‘पारसमणी’ने नाव होण्याआधी दोघं कल्याणजी-आनंदजींकडे सहायक होते. प्यारेलालजी व्हायोलिन शिकले ते गोव्याच्या माजोर्ड्याहून मुंबईत आलेल्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे, आणि गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून पाच रेघांवरचं स्टाफ नोटेशन शिकून आलेल्या अशाच वादकांनी मुंबईच्या सिनेमाला अरेंजर, म्हणजे चालीभोवती वाद्यांची मांडणी करणारे, पुरवले. मराठी सिनेमाला अनिल-अरुण म्हणून ओळखीचे असलेले अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल हेही वादन आणि अरेंजिंग करत करतच स्वतःच्या चालींपर्यंत पोहोचले. शंकर-एहसान-लॉय या त्रिकुटातले एहसान नूरानी गिटार घेऊन जिंगल्सच्या वाटेने आले. यातल्या कुणीही एका सकाळी वाजवणं बंद करून ‘आजपासून मी संगीतकार’ असं जाहीर केलेलं नाही. वाजवण्यापासून मदतीकडे, मदतीकडून अरेंजमेंटकडे आणि तिथून स्वतःच्या कामाकडे ते सरकत गेले.

तुमच्या वेळेला अडचण एवढीच, की अरेंजरची ती मधली पायरी आता फारशी उरलेली नाही. ती खुर्ची प्रोग्रामरकडे गेली. तुमच्या पत्रात प्रोग्रामरबद्दल थोडी नाराजी जाणवली. समजू शकते, शिफ्ट त्यांच्यामुळे कमी झाल्या. पण आज अरेंजमेंट कुठे शिकायची असेल तर त्यांच्याच शेजारी बसून. ज्यांच्याकडे तुम्ही नेहमी वाजवता त्यांच्यातल्या एका-दोघांना सरळ सांगा, की माझा तुकडा झाल्यावर मी तासभर मागे बसू का, मला बघायचंय. बहुतेक जण हो म्हणतील. तिथे गप्प बसून एकाच गोष्टीवर लक्ष ठेवा. तुम्ही दिलेल्या चार टेकमधला कुठला ठेवला, कुठला टाकला, आणि का. आजवर हा निर्णय तुमच्या पाठीमागे होत आलाय. ‘जरा कोरडं दे’, ‘दुसऱ्या अंतऱ्याला नको’, ‘हे आठ बार मोकळे सोड’ असं तुम्हाला हेडफोनमध्ये ऐकू आलं, तुम्ही तसं केलंत, चोख केलंत. टेम्पो, सूर, कुठे वाजवायचं, कुठे नाही, हे सगळं तुम्ही स्टुडिओत शिरण्याआधीच कुणीतरी ठरवलेलं असायचं. संगीतकार होणं म्हणजे ते ठरवणं. हात तुमचा तयार आहे. ठरवण्याचा सराव मात्र तुम्ही केलेला नाही, आणि तो घरात एकट्याने बसून होत नाही.

आता सिरीजच्या कामाकडे येते, कारण तिथेच तुमची खरी कसोटी आहे.

गाण्याला चाल लावणं आणि पार्श्वसंगीत करणं ही दोन निराळी कामं आहेत. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांतही २००९ च्या चित्रपटांपासून गाण्यांसाठी आणि पार्श्वसंगीतासाठी वेगवेगळे पुरस्कार दिले जातात, आणि त्या वर्षीचा पार्श्वसंगीताचा पुरस्कार इलयाराजांनाच मिळाला होता. गाण्यात चित्र संगीताच्या मागे चालतं. पार्श्वसंगीतात तुम्ही चित्राच्या मागे चालायचं असतं, आणि चित्र काही चार-चार बारांत कापलेलं नसतं.

एक उदाहरण घेऊन बसू. समजा पन्नास सेकंदांचा प्रसंग आहे. स्वयंपाकघरात सासू बोलते आहे, सून पाठमोरी उभी आहे. बरोबर साडेबावीस सेकंदांवर सून गॅस बंद करते आणि वळून बघते. दिग्दर्शक म्हणतो, इथे काहीतरी व्हायला हवं. तुम्ही ८० च्या टेम्पोवर, म्हणजे मिनिटाला ८० बीट (ठोके), चार बीटच्या बारमध्ये, आवर्तनासारख्या गटात, एक कल्पना केलीत. ८० ला एक बीट पाऊण सेकंदाचा. साडेबावीस सेकंदांत तीस बीट संपतात, म्हणजे ती वळते तेव्हा तुम्ही आठव्या बारच्या तिसऱ्या बीटवर आहात आणि सम हुकली आहे. टेम्पो ८५.३३ केलात तर त्याच क्षणी बत्तीस बीट पूर्ण होऊन नवव्या बारचा पहिला ठोका पडतो. ७४.६७ केलात तर अठ्ठावीस बीट होऊन आठव्या बारची सम मिळते. किंवा टेम्पो ८० च ठेवून आधीचा एक बार दोन बीटचा करता येतो. तिन्ही उत्तरं गणिताने बरोबर आहेत. त्यातलं कुठलं घ्यायचं हे सासूच्या बोलण्याची लय ऐकून ठरवायचं. ती भराभर बोलत असेल तर खालचा टेम्पो तिच्या शब्दांखाली ओझं होऊन बसेल. आणि हे सगळं जुळवून झाल्यावर एडिटरने आधीच्या भागातून बारा फ्रेम काढल्या, तर २४ फ्रेमच्या हिशेबाने अर्धा सेकंद सरकला आणि तुम्ही पुन्हा पहिल्यापासून. म्हणून पिक्चर लॉक झाल्याशिवाय, म्हणजे एडिट कायम ठरल्याशिवाय, बारीक काम सुरू करायचं नाही. तोवर चाली, वाद्यं, पात्रांचे सूर यांवर काम करा. ते वाया जात नाही.

संवादांचं दुसरं एक दुखणं खास गिटारिस्टांचं आहे. पिकने किंवा नखाने तार छेडताना जो टोकदार आघात होतो, तो साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात टोचतो. माणसाच्या बोलण्यातली क, च, ट ही व्यंजनं नीट कळतात तीही तिथेच. त्यामुळे शब्दांच्या खाली केलेलं छानसं पिकिंग घरच्या हेडफोनवर गोड वाटतं, आणि मिक्सला बसल्यावर इंजिनिअर ते सरळ खाली ओढतो, कारण त्याला संवाद ऐकू यायला हवेत. मग प्रीमियरला तुम्ही बायकोला विचारता, ‘गिटार ऐकू आली?’ आणि तिला आलेली नसते. उपाय साधे आहेत. छेडलेले सूर दोन वाक्यांच्या मधल्या श्वासात ठेवा. वाक्य चालू असताना लांब सूर वापरा. व्हॉल्यूम पेडलने आघात गिळून टाकता येतो, ई-बो, म्हणजे तार सतत कंपत ठेवणारं छोटं यंत्र, लावून तार सारंगीसारखी गाऊ शकते. आणि बऱ्याच ठिकाणी काहीच वाजवू नका. ही शेवटची सूचना तुम्हाला सगळ्यात जड जाईल. सेशनवर तुम्हाला वाजवण्याचेच पैसे मिळत आलेत, त्यामुळे न वाजवलेली जागा रिकामी दिसते. प्रत्येक भाग बघून झाल्यावर आधी कुठे संगीत नको याची खूण करा, उरलेल्या जागांना नंतर हात लावा.

इथे तुमच्या एकांकिका उपयोगी पडतील. १९६३ पासून चालू असलेल्या पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकाने मराठी नाटक-सिनेमाला किती नट-दिग्दर्शक दिले हे सगळे सांगतात. पण त्या एकांकिकांच्या विंगेत पेटी, ढोलकी किंवा गिटार घेऊन बसलेल्या पोरांना नटाचा श्वास ऐकून सूर सोडायची सवय लागते, तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. नटाने एक वाक्य गिळलं तर तुम्हाला त्याच क्षणी थांबावं लागतं. तुम्ही ते केलेलं आहे. स्टुडिओत कानात वाजणाऱ्या तालाच्या क्लिकने बारा वर्षांत ती सवय झाकली असेल, गेलेली नसणार.

नोटेशनबद्दल तुम्ही घाबरलाय तितकं घाबरू नका, पण टाळूही नका. आज बहुतेक काम संगणकावर होतं आणि स्टाफ न वाचता येणारे अनेक जण पार्श्वसंगीत करतात. मात्र ज्या दिवशी तुमच्या सिरीजच्या शेवटच्या भागासाठी चार खरी व्हायोलिनं आणि एक चेलो बोलवायचं ठरेल, त्या दिवशी त्यांच्यापुढे नीट कागद ठेवावा लागेल, नाहीतर शिफ्टचा अर्धा वेळ गुणगुणून समजावण्यात जाईल. तुमच्या हाताशी असलेल्या वाद्यावरूनच सुरुवात करा. गिटारची तिसरी तार मोकळी छेडली की जो सूर येतो, तोच व्हायोलिनचा सगळ्यात खालचा सूर. म्हणजे तुमच्या जाड तीन तारांवरचं, त्या तिसऱ्या तारेच्या खालचं जे काही आहे, ते व्हायोलिनला मुळात वाजवताच येत नाही. ते व्हायोला आणि चेलोकडे द्यावं लागतं. मोकळ्या ई कॉर्डचे सहा सूर जसेच्या तसे उचलून स्ट्रिंग्जना दिले तर खाली गिचमिड आणि वर पोकळी होते, कारण तो आकार गिटारच्या पंजासाठी घडलेला आहे. आणि गिटारचं स्टाफवरचं लेखन प्रत्यक्ष आवाजापेक्षा एक सप्तक वर असतं. गिटारची ओळ तशीच व्हायोलिनपुढे ठेवलीत तर ती एक सप्तक वर वाजेल. पुस्तकातून हे दोन ओळींत कळतं, पण कानात मुरायला इलयाराजांची ती मधल्या सुटीची युक्तीच लागते. तुमचे व्हायोलिनवाले मित्र असतीलच. त्यांना घरी जेवायला बोलवा आणि चार ओळी वाजवून घ्या.

आणखी एक सांगते. चाल सुचवताना गिटार हातात घेऊ नका. तुमची बोटं फार हुशार आहेत, ती ओळखीच्या जागांवर आपोआप जातात आणि तुम्हाला वाटतं, आपल्याला सुचलं. वडील पेटीवर अभंगाची चाल कशी धरायचे ते आठवा. आधी गळ्यात, मग बोटांत. इलयाराजाही कुठलं वाद्य हातात न घेता थेट कागदावर लिहितात, हे त्यांच्याबरोबर काम केलेले अनेक जण सांगतात. तेवढी पोहोच तुम्हा-आम्हाला नसेल, पण गुणगुणून फोनवर रेकॉर्ड करणं सगळ्यांनाच जमतं. मुख्य पात्राचा सूर तुम्हाला चालता-चालता गाता आला पाहिजे. डोंबिवली ते अंधेरी या प्रवासात तेवढा वेळ नक्की मिळेल.

‘गिटारवाला’ या शिक्क्याची भीती मला पटत नाही. तो शिक्का नसून तुमची ओळख आहे, आणि नवीन माणसाला ओळख असणं ही मोठी गोष्ट असते. राय कूडर हा अमेरिकन गिटारिस्ट अनेकांच्या रेकॉर्डवर वाजवत सिनेमाकडे आला. १९८४ च्या ‘पॅरिस, टेक्सास’मधलं संगीत म्हणजे मुख्यतः त्याची एक स्लाइड गिटार, बाकी वाळवंट आणि शांतता. मोठा ऑर्केस्ट्रा त्याने आणला नाही आणि त्या सिनेमाला त्याची गरजही नव्हती. ब्राझीलचे हेइतोर परेरा यांनी ‘सिम्प्ली रेड’ बँडमध्ये आणि नंतर हॉलिवूडचे संगीतकार हान्स झिमर यांच्या सिनेमांसाठी गिटार वाजवली, आणि त्यातूनच ते स्वतः ॲनिमेशनपटांना संगीत देऊ लागले. वाजवण्याने त्यांची वाट अडली नाही, उलट वाजवण्यानेच त्यांना त्या खोलीत नेलं. लहान पॅकेजच्या सिरीजमध्ये नकली स्ट्रिंग्जचा डोंगर उभा करण्यापेक्षा तुमच्या हातची एक खरी गिटार, एक बासरी आणि एखादं चामड्याचं वाद्य हे कितीतरी अस्सल वाटेल. सॅम्पलमध्ये पियानो चांगला मिळतो, स्ट्रिंग्ज बऱ्या मिळतात, गिटार मात्र ओळखू येते. ती तुमच्या घरी आहे, खरी आहे आणि तिची शिफ्ट कुणाला द्यावी लागत नाही.

आता त्या सलणाऱ्या गोष्टीकडे. १९६२ च्या पहिल्या जेम्स बाँडपटासाठी लंडनच्या व्हिक फ्लिक नावाच्या सेशन गिटारिस्टने ती जगाला पाठ झालेली गिटारची धून वाजवली. संगीतकार म्हणून हक्क मॉण्टी नॉर्मन यांचा, अरेंजमेंट जॉन बॅरी यांची. फ्लिकना वाजवण्याचे पैसे मिळाले, तेवढेच. आपल्याकडे ‘शोले’तला माउथ ऑर्गन सगळ्या देशाने ऐकला. तो वाजवणारे भानू गुप्ता आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यातले गिटारिस्ट होते, हे किती जणांना ठाऊक आहे? तुमचं दुःख खरं आहे आणि ते तुमच्या एकट्याचं नाही. पण जुने हिशेब उकरायला जाऊ नका. त्या तुकड्यांबद्दल आधी बोलणं झालेलं नसेल तर आता सिद्ध करणं जवळजवळ अशक्य आहे, आणि ज्यांच्याशी भांडाल त्यांच्याकडूनच पुढच्या शिफ्ट यायच्या आहेत. यापुढे कुणी ‘काहीतरी तुझं सुचव’ म्हणालं तर वाजवण्याआधी हसतमुखाने विचारा, की ठेवलं तर नाव कसं जाईल? विचारायला संकोच वाटेल, तरी विचारा.

आणि स्वतःच्या कामात हा घोळ होऊ देऊ नका. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटात वापरलेल्या संगीतकृतीच्या रॉयल्टीतला संगीतकाराचा समान वाटा आता त्याला स्वतःहूनही सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. सिनेमागृहात चित्रपटाबरोबर होणारं प्रदर्शन याला अपवाद आहे, इतर मार्गांनी होणाऱ्या वापरावर तुमचा वाटा राहतो. पार्श्वसंगीत हीसुद्धा संगीतकृतीच आहे. म्हणून करारात ‘सगळे हक्क कायमचे, सगळ्या जगात, एकरकमी’ असं वाक्य दिसलं की घाबरून सही करू नका आणि चिडून फाडूही नका. कॉपीराइट समजणाऱ्या वकिलाला एकदा दाखवा, ती फी वसूल होते. आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी कॉपीराइट सोसायटी, तिचं सभासदत्व घ्या. प्रत्येक भागाची क्यू शीट स्वतः बनवा. कुठल्या मिनिटाला कुठला तुकडा, किती सेकंद, संगीतकार कोण, एवढंच त्यात असतं. ती निर्मात्याने बनवावी म्हणून वाट बघत बसलात तर ती बनणारच नाही. तुम्ही बोलावलेल्या वादकांची नावंही त्याच दिवशी लिहून ठेवा आणि श्रेयनामावलीत जातील असं बघा. तुमच्यावर जे झालं ते तुमच्या स्टुडिओत होऊ नये.

पॅकेज लहान असणं वाईट नाही. त्याचा हिशेब न करणं वाईट. पॅकेज म्हणजे वादक, स्टुडिओ, मिक्स, हार्डडिस्क, सगळं तुमच्या खिशातून, आणि उरेल ते तुमचं. आठ भाग म्हणजे मिनिटं खूप होतात. मित्राकडून आधी अंदाज घ्या, की एका भागात साधारण किती मिनिटं संगीत त्याला हवंय. मग खर्च एका बाजूला काढा, तुमची फी दुसऱ्या बाजूला ठेवा आणि फीचा आकडा शून्याच्या जवळ येत असेल तर मिनिटं कमी करा किंवा पहिल्या भागांचे तुकडे पुढे पुन्हा वापरायची सोय करून घ्या. सिरीजमध्ये ते शोभतंही, पात्राचा सूर परत परत यायलाच हवा. ॲडव्हान्स किती, दुरुस्त्या किती वेळा, पिक्चर लॉकनंतर एडिट बदललं तर काय, हे मित्र असला तरी ईमेलवर लिहून घ्या. मित्र आहे म्हणून तर नक्कीच, कारण काम संपल्यावर मैत्री राहायला हवी.

सेशनबद्दल तुमच्या पत्नीशी बोलताना एक ठरवून टाका. आठवड्यातले कुठले दिवस शिफ्टचे आणि कुठले सिरीजचे. सिरीजच्या दिवशी आलेली शिफ्ट नाकारायची ठरली तर त्या महिन्याची जमाखर्चाची वही दोघांनी मिळून बघायची. तिच्या नोकरीवर तुमचा सराव चालणार असेल तर तिला ते आधीच माहीत असायला हवं, आणि तुमच्याकडून माहीत व्हायला हवं. शिफ्ट नाकाराल तेव्हा ‘बिझी आहे’ एवढंच म्हणू नका. ‘एका सिरीजचं पार्श्वसंगीत करतोय, पुढच्या आठवड्यात येतो’ असं सांगा. लोक तुम्हाला संगीतकार म्हणून बघायला लागतील ते अशा चार-दोन वाक्यांनीच. त्यासाठी गिटार गुंडाळून ठेवावी लागत नाही.

मित्राला होकार कळवायच्या आधी त्याच्याकडून पहिल्या भागातला एक प्रसंग मागा. एडिट पूर्ण झालेला, दोन-अडीच मिनिटांचा, भरपूर संवाद असलेला. त्यातून टेम्प म्युझिक, म्हणजे एडिटसाठी तात्पुरतं लावलेलं संगीत, काढून द्यायला सांगा, नाहीतर तुमचे कान त्यालाच चिकटतील. तो प्रसंग तीन प्रकारे करा. एकदा फक्त गिटारने, एकदा गिटारला अजिबात हात न लावता, आणि एकदा जवळजवळ काहीच न वाजवता, अगदी शेवटी एखादा सूर. तिन्ही त्याला समोर बसवून दाखवा, व्हॉट्सॲपवर लिंक पाठवून नाही. आणि तो बघत असताना स्क्रीनकडे न बघता त्याच्याकडे बघत बसा. कुठल्या वेळी तो पुढे झुकला, कुठल्या वेळी त्याचं लक्ष फोनकडे गेलं, ते वहीत लिहून ठेवा आणि त्यानंतर पॅकेजवर बोला.